किमान वेतनात न धरलेला प्रवास

जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवण्याचा एक हिशेब घालून दिला. प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरबांधणी योजनेच्या प्रमाणात घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व इतर किरकोळ खर्चासाठी वेतनाचे २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. वेतन संहितेच्या २०२० च्या मसुदा नियमांतही सांगाडा तोच राहिला. ७२ वारांचे मात्र ६६ मीटर झाले. या संपूर्ण यादीत कामाच्या जागी पोहोचण्याचा खर्च स्वतंत्रपणे कुठेही धरलेला नाही. असलाच तर तो ‘किरकोळ’मध्ये बसतो.

१९५७ साली हे फारसे चुकीचेही नव्हते. मुंबईचा गिरणी कामगार लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळीत राहत असे आणि भोंगा झाला की पायी गिरणीत जात असे. त्या चाळींचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत, संडासापुढे रांगा लागत. पण घर ते काम हे अंतर चालण्याचे होते, आणि एखाद्या दिवशी खिशात दमडी नसली तरी कामावर जाता येत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या, मॉल आणि निवासी मनोरे आले. तिथली फरशी पुसणारा, लिफ्टपाशी उभा राहणारा, कँटीनमध्ये भांडी घासणारा माणूस आता नालासोपारा, दिवा, टिटवाळा, बदलापूरहून येतो. खुद्द गिरणी कामगारांच्या वारसांना शेलू आणि वांगणीत घरे देण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, ते आझाद मैदानावर जमले आणि आम्हाला मुंबईतच घर द्या म्हणाले. त्यावर ‘घर मिळते आहे, तर अंतराची तक्रार कसली’ असा सूर काही जणांनी लावला. रोज वांगणीहून दादरला जाऊन पगार मिळवावा लागला असता तर तो सूर लागला नसता.

या प्रवासातला सर्वांत लांबचा टप्पा सर्वांत स्वस्त आहे, ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो, आणि त्यावर महिन्याला पन्नासहून अधिक फेऱ्या होतात. जून २०१४ मध्ये हा हिशेब तीस फेऱ्यांवर नेण्याचा घाट रेल्वेने घातला होता. मुंबईत इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. महानगरातील अल्प वेतनाचा रोजगार या एका सवलतीवर उभा आहे, हे त्या वेळी खासदारांच्याही लक्षात आलेले दिसते.

मात्र पासातही गरिबीचा अडसर आहे. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट भाड्यात मिळतो, वार्षिक पास १०.८ पटीत. म्हणजे ज्याच्याकडे वर्षाची रक्कम एकरकमी आहे त्याला सव्वा महिन्याच्या आसपास प्रवास फुकट पडतो. रोजंदारीवर जाणाऱ्याकडे मात्र महिन्याच्या पासाचे पैसेही एकदम नसतात. पुढच्या आठवड्यात काम असेल की नाही हेच ठाऊक नसते, म्हणून तो रोजचे तिकीट काढतो, आणि तेच अंतर सर्वांत महाग दराने कापतो.

खरा खर्च मात्र दोन्ही टोकांना होतो. समजा, नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या चाळवस्तीतून एक बाई अंधेरीतील कचेरीत हाऊसकीपिंगला जाते. घर ते स्टेशन शेअर रिक्षाचे वीस रुपये, अंधेरीला उतरल्यावर बसचे दहा. जाऊन-येऊन साठ. सव्वीस दिवसांचे १,५६० रुपये झाले, आणि यात रेल्वेचा पास धरलेलाच नाही. ठेकेदाराकडून हातात बारा हजार येत असतील तर वेतनाचा आठवा हिस्सा स्टेशनाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन-तीन किलोमीटरांत संपतो. मधल्या तीस-चाळीस किलोमीटरांची किंमत त्यापुढे नगण्य ठरते. पावसाळ्यात रिक्षावाल्याने तीस मागितले, बस आलीच नाही म्हणून मीटरची रिक्षा करावी लागली, की त्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा रस्त्यातच जातो.

पैशांपेक्षा वेळेचे दुखणे अधिक कठीण आहे. कचेरीतला कायम कर्मचारी अर्धा तास उशिरा पोहोचला तर ‘गाड्या लेट होत्या’ एवढे पुरते. कंत्राटी कामगाराला तीन लेट मार्कना एक खाडा, किंवा उशिरा आलास म्हणून हाफ डे, असा दंड ठिकठिकाणी बसतो. सुरक्षारक्षकाची गोष्ट तर आणखी वेगळी. रिलिव्हर येईपर्यंत आधीच्या रक्षकाला जागा सोडता येत नाही. त्यामुळे एकाची चुकलेली लोकल दुसऱ्याच्या बारा तासांच्या ड्युटीला तासभर जोडते, आणि त्याची परतीची शेवटची बस निघून जाते. कंपनीचे त्यात काही जात नाही. उशिराची झळ एका गरिबाकडून दुसऱ्याकडे सरकत राहते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे पहिले घर वीस मिनिटांनी हुकले की उरलेली तीनही हुकतात. ‘मावशी, आमची ऑफिसला निघायची वेळ असते, उद्यापासून दुसरी बघतो’ हे ऐकायला महिन्यातून तीन-चार उशीर पुरतात. आणि नाक्यावरच्या बिगाऱ्याला तर नोकरी रोज सकाळी नव्याने मिळवायची असते. मुकादम आठ-साडेआठला माणसे उचलून नेतो. त्यानंतर नाक्यावर पोहोचलेला माणूस डबा उघडून खातो आणि घरी परततो.

म्हणून वाहतुकीअभावी गेलेल्या नोकऱ्या कोणत्याही आकडेवारीत दिसत नाहीत. कामावरून काढल्याचे पत्र कोणी देत नाही. ठेकेदार फक्त फोन उचलणे बंद करतो. बाईच स्वतः ‘लांब पडतं’ म्हणून काम सोडते आणि घराजवळ कमी पैशांचे काम धरते. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामगारांना कामाचे अंतर आणि जाण्याचे साधन विचारले. पायी जाणाऱ्यांचा वाटा कोणत्याही एका वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा मोठा निघाला. यातले किती जण काम जवळ आहे म्हणून चालतात, आणि किती जणांनी चालण्याजोगे आहे तेवढेच काम पत्करले, हे त्या तक्त्यातून कळत नाही. धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मात्र नेमका हाच आहे.

वाहतूक काढून घेतली तर काय होते, याचा प्रयोग महाराष्ट्राने अलीकडच्या काळात दोनदा, तोही मोठ्या प्रमाणावर केला आहे. पहिला मुंबईत. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. १५ जूनला ती सुरू झाली ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. घरकामगार, दुकानातला नोकर, छोट्या कारखान्यातला हेल्पर यांना त्या यादीत जागा नव्हती. टाळेबंदी सैल होत गेली, मालकांचे बोलावणे येऊ लागले, पण जायचे कसे? वसई-विरारकरांसाठी एसटीच्या बस होत्या. जुलै २०२० मध्ये त्या अचानक मिळेनाशा झाल्या तेव्हा नालासोपाऱ्याचे प्रवासी थेट रुळांवर उतरले. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना लोकलची मुभा मिळाली ती कशी? पहाटेपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. साथीच्या काळात गर्दी टाळण्याचे कारण समजण्यासारखे होते. पण नऊच्या पाळीच्या माणसाला याचा अर्थ असा, की सातच्या आत गाडी पकडायची, कामाच्या वेळेपर्यंत फाटकापाशी बसायचे, आणि सुटल्यावर रात्री नऊपर्यंत फलाटाबाहेर ताटकळायचे. स्वतःची गाडी असलेल्यांना हा नियम लागूच नव्हता. घरून काम करणाऱ्यांना तर त्याची खबरही नसावी.

दुसरा प्रयोग ग्रामीण भागात झाला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत तथ्य होते. पगार तुटपुंजे आणि तेही वेळेवर नाहीत, अशी त्यांची स्थिती होती. पण त्या काळात तालुक्याच्या गावी दुकानात, दवाखान्यात, पेट्रोल पंपावर कामाला जाणाऱ्यांपुढे वडाप आणि काळी-पिवळी हेच पर्याय उरले. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटली तरी चालक म्हणेल ते भाडे. त्या पाच-सहा महिन्यांत अनेक तरुणांनी कर्ज काढून जुन्या मोटारसायकली घेतल्या. एसटी सुरू झाली तरी ते परत आले नाहीत. पेट्रोल लिटरला शंभरीपार, हप्ता वेगळा, आणि गाडी बंद पडली की काम बंद. एसटीचा प्रवासी घटला तो असाही घटला.

औद्योगिक वसाहतींचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, वाळूज इथे मोठ्या कंपन्यांच्या बस कायम कामगारांना घ्यायला येतात. त्याच फाटकातून आत जाणारा ठेकेदाराचा माणूस पुष्कळदा त्या बसमध्ये नसतो. तो टमटमला लटकतो, किंवा चौघांत एक गाडी करतो, किंवा वसाहतीलगतच्या गावात पत्र्याच्या खोलीत आठ जणांत राहतो. १९६२ पासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडले, रस्ते केले, पाणी आणले. कारखान्याला काय लागते याचा विचार त्यात बारकाईने केलेला दिसतो. कामगार तिथवर कसा येणार, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा, असे गृहीत धरले गेले.

कायद्याचा दृष्टिकोन हळूहळू बदलतो आहे. २००३ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात दगावला. हा अपघात कामाच्या ओघात झाला की नाही, यावर भांडण चालले. भरपाई आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. घर ते काम या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असेल तर, नोकरीतलाच अपघात मानावा, असे न्यायालयाने म्हटले. कर्मचारी राज्य विमा योजनेत तशी तरतूद २०१० मध्येच झाली होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रियांच्या वाहतुकीची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे माणूस वाटेत मेला तर, किंवा बाई रात्रपाळीला असली तर, प्रवास हा नोकरीचा भाग ठरतो. जिवंत माणसाच्या सकाळच्या पाळीला तो अजूनही त्याचा खासगी मामला आहे. या विसंगतीचे समर्थन करणे अवघड आहे.

ब्राझीलने १९८५ मध्ये यावर एक सरळ उपाय काढला. तिथल्या ‘व्हाले-ट्रान्सपोर्त’ कायद्यानुसार घर ते कामाच्या सार्वजनिक प्रवासाचा खर्च मूळ वेतनाच्या सहा टक्क्यांपर्यंत कामगाराने सोसायचा, त्यावरचा मालकाने द्यायचा. आपल्या वरच्या उदाहरणातील बाईला हा नियम लावला तर तिच्या खिशातून ७२० रुपये जातील, बाकीचे ठेकेदार किंवा मुख्य मालक देईल. या पद्धतीत खोटही आहे. जवळ राहणाऱ्यालाच कामावर घेण्याचा मोह मालकाला होतो. आणि ज्यांची नोकरी कागदावरच नाही ते तिच्या बाहेर राहतात. आपल्याकडे तर असेच कामगार बहुसंख्य आहेत. तरीही रुग्णालये, विद्यापीठे, महापालिका, बँका, मोठे कारखाने यांनी ठेक्याने नेमलेल्या माणसांपुरता हा नियम करायला अडचण नाही. निविदेत गणवेशाचा खर्च धरता येतो, तसा प्रवासाचाही धरता येईल.

उरलेल्यांसाठी, म्हणजे घरकामगार, बिगारी, फेरीवाला यांच्यासाठी, असा ठरावीक मालकच नाही. त्यांना स्वस्त आणि वारंवार येणारी बस हाच आधार. सवलतींच्या योजना इथे कशा फसतात याचा एक नमुना म्हणजे रेल्वेचा २००९ चा ‘इज्जत’ पास. पंचवीस रुपयांत महिनाभर शंभर किलोमीटरपर्यंत प्रवास, कल्पना उत्तम. अट अशी की मासिक उत्पन्न १,५०० रुपयांच्या आत हवे. दिवसाला पन्नास रुपये मिळवणारा माणूस शंभर किलोमीटरवर कामाला कशासाठी जाईल, हे योजना आखणाऱ्यांनी कोणाला विचारले नसावे. त्या तुलनेत मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत कितीतरी शहाणपणाची, कारण तिला दाखला लागत नाही. पण ती एसटीपुरती आहे. मुंबईत बेस्टच्या बसमधून चार घरची कामे करायला जाणारी बाई तिच्या बाहेर आहे, आणि मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले ते तिने पूर्ण सोसले. कर्नाटकाने जून २०२३ पासून साध्या बसमध्ये राज्यातील स्त्रियांचा प्रवास मोफत केला, तमिळनाडूने त्याआधी दोन वर्षे.

मोफत प्रवासाच्या बाजूने बरेच काही म्हणता येते. आमच्या मते मात्र क्रम वेगळा असावा. आधी बस हवी, मग तिचे तिकीट किती ते ठरवावे. दहा रुपयांची बस दर दहा मिनिटांनी येत असेल तर कामगाराला ती परवडते, कारण तिच्या भरवशावर घरून निघण्याची वेळ ठरवता येते. फुकटची बस कधी वीस मिनिटांनी, कधी पन्नास मिनिटांनी येत असेल तर त्याला रोज तासभर आधी निघावे लागते किंवा रिक्षा करावी लागते. मुंबईत दशकभरापूर्वी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही आत आल्या. त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या आहेत, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्याच चालकांनी अपुऱ्या पगारासाठी संप केला तेव्हा शहराची बससेवा कोलमडली. गरिबांची बस आणखी एका गरिबाच्या तुटपुंज्या पगारावर चालवण्याची ही काटकसर कोणालाच स्वस्त पडलेली नाही. याच काळात त्याच शहरात मेट्रोच्या मार्गिका एकामागून एक खुल्या झाल्या. त्या हव्याच होत्या. पण मेट्रो ३ चे कमाल भाडे ७० रुपये आहे, आणि हाऊसकीपिंगचा कामगार त्या हिशेबात प्रवासी म्हणून धरलेला नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. एसटीचा संचित तोटा १० हजार कोटींच्या पुढे गेला आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने जवळपास १५ टक्के भाडेवाढ केली ती त्यामुळेच. पण तोट्याचा आकडा छापताना दुसरी बाजू कोणी छापत नाही. बस नसल्यामुळे किती पाळ्या अपुऱ्या माणसांवर चालल्या, किती बायकांनी काम सोडले, किती तरुणांनी हप्त्यावर गाड्या घेतल्या, याचा ताळेबंद कोणतेही महामंडळ मांडत नाही. बसच्या खर्चाचा काही भार ज्यांना तिच्यामुळे माणसे मिळतात त्यांनी उचलावा, हे न्याय्य आहे. औद्योगिक विकास महामंडळ भूखंडधारकांकडून सेवाशुल्क घेतेच. त्यातील ठरावीक हिस्सा बाजूला काढून वसाहतीच्या तिन्ही पाळ्यांच्या वेळांना जोडलेल्या फेऱ्या एसटी किंवा शहर बससेवेकडून विकत घेता येतील. कायम आणि ठेक्याचा कामगार असा भेद न करता, फाटकापर्यंत जाणाऱ्या. किमान वेतनाच्या सल्लागार मंडळांनीही पुढच्या फेरआढाव्यात ‘किरकोळ’मधून प्रवास बाहेर काढून त्याला स्वतःची टक्केवारी द्यावी. ती किती असावी हे ठरवण्यासाठी चाकणच्या फाटकावर पहाटे साडेपाचला आणि अंधेरी स्टेशनाबाहेर सकाळी सातला उभे राहून माणसांना विचारले, तर सुरुवात होईल.